वर्गणी आणि पावती

वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा-बटाटा, भाजी, फळे, धान्य, मसाले यांचा घाऊक व्यापार चालतो. समजा, तिथे एक विद्यार्थी वर्गणी मागायला आला. तो संग्रहालयात उमेदवारी करतो. लोकांना जुन्या वस्तू पाहायला बोलवायचे, त्या जपायला पैसा जमवायचा, हे काम तो शिकतो.

शेठ विचारतील, “जुन्या वस्तूंना पैसा कशाला रे?”

त्याने सांगावे, “शेठ, भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी संग्रहालय आहे. त्यासाठी लोकांनी वर्गणी दिली. डॉ. भाऊ दाजी लाड त्यासाठी झटले. १८७२ साली ते खुले झाले. आज त्याला त्यांचेच नाव आहे.”

वर्गणी विश्वासावर मिळते. विश्वास हिशेबावर टिकतो. म्हणून आम्ही सांगतो, पावतीशिवाय पैसा देऊ नका. आता आपल्याला वाचता येते. पावतीवरचे नाव, रक्कम, तारीख वाचा. मगच ती खिशात ठेवा.