स्प्रिंग आखूड केली की गाडी का आदळते?

एस.यू.व्ही. गाडी खाली उतरवण्याची हौस बऱ्याच तरुणांना असते. आखूड स्प्रिंगा घातल्या की गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली येते. गुरुत्वमध्य खाली आल्याने ती वळणावर कमी कलते, हा फायदा खराच. पण त्याची किंमत मागच्या सीटवरची मंडळी मोजतात. कशी ते पाहू.

स्प्रिंग बलाच्या प्रमाणात दबते, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडला. समजा, एका स्प्रिंगवर ४०० किलोचा, म्हणजे सुमारे ४००० न्यूटन भार आहे. ती १ मिलिमीटर दबायला २५ न्यूटन लागत असतील, तर १६० मिलिमीटर दबून स्थिरावेल. चाकाला वर सरकायला आणखी ८० मिलिमीटर जागा आहे असे धरू. गाडी ४० मिलिमीटर उतरवली की जागा निम्मी! गतिरोधकावर गाडी रबरी ठोकळ्यावर आदळू नये म्हणून आखूड स्प्रिंग मुद्दाम कडक बनवतात. मग खड्ड्याचा धक्का थेट पाठीला जाणवतो. शॉक ॲब्सॉर्बर जुनेच ठेवले, तर वाढलेली उसळी त्यांना आवरत नाही.

काही जण मूळ स्प्रिंगचेच वेढे कापून घेतात. हे आम्हांला मुळीच मान्य नाही. विद्यार्थ्यांनी जुन्या पेनमधील स्प्रिंग अर्धी कापून दाबून पाहावी. ती जवळजवळ दुप्पट कडक लागेल. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की स्प्रिंग निसटू शकते. पालकांनी निदान घरची सगळी माणसे गाडीत बसवून चाकावर किती जागा उरते ते आधी मोजावे.