कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही

अगं, माळ्यावरचा व्हिडिओ गेम आणि कॅरम पुण्याला नेतेयस ना, खुशाल ने. फक्त मामाच्या चार गोष्टी ऐकून जा.

सगळ्यांत महत्त्वाचं आधी. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची नाही. आमची अख्खी पिढी मारायची, आणि फुंकरीनेच चालली असं समजायची. खरं तर ती चालायची काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतून आत जाते ती थुंकीची ओल, आणि तिने पट्ट्या गंजतात. त्याऐवजी बटण बंद कर, ॲडॉप्टर काढ, इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला कर आणि कॅसेटच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना तीस-तीस पट्ट्या आहेत, त्यांच्या लांबीने फिरव. आडवं घासू नकोस. पहिला कापूस काळाकुट्ट निघेल. दुसरा घे, तिसरा घे. कापूस पांढरा निघाला की थांब आणि दहा मिनिटं वाळू दे. मग यंत्र बंद असतानाच ती कॅसेट चार-पाच वेळा घाल-काढ कर, म्हणजे आतल्या पिनाही घासून निघतात.

घरात सापडला तो ॲडॉप्टर खुपसायचा नाही. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात. पण प्लस-मायनसचं चित्र बघच. १९८३च्या फॅमिकॉम या मूळ जपानी गेम यंत्राला पिनेच्या आत मायनस लागतो, आजच्या बहुतेक ॲडॉप्टरांत आत प्लस असतो. आपल्याकडचे मीडिया, लिटल मास्टर हे व्हिडिओ गेम त्याच फॅमिकॉमच्या नकला, म्हणून खात्री करूनच जोड.

बदकं मारायची बंदूक एलईडी टीव्हीवर चालणार नाही. म्हणून ती फेकू नकोस, ती बिघडलेली नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. नव्या टीव्हीत चित्र किंचित उशिरा येतं, तेवढ्यात वेळ टळून गेलेली असते. जुना डबा टीव्ही कुणी देत असेल तर घे, पण त्याचं मागचं झाकण उघडू नकोस. बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कॅरमला पावसाळा सोसत नाही. ओल्या भिंतीला टेकवून ठेवलास तर प्लाय वाकेल आणि सोंगट्या एकाच कोपऱ्याकडे ओढल्या जातील. कोरड्या खोलीत, फरशीपासून उचलून ठेव. ओलं फडकं कधीच लावायचं नाही. पावडर चिमूटभर पुरते. स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर नको, नियमही तोच आहे. जड स्ट्रायकरने सोंगट्यांचे टवके उडतात.

आणि कॉन्ट्रा हा गेम लावलास की सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, मग स्टार्ट. तीस जीव मिळतात. ही युक्ती आधी १९८६च्या ग्रेडियसमध्ये आली. काझुहिसा हाशिमोतो तो गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते आणि तपासताना त्यांना स्वतःलाच तो पार होईना, म्हणून त्यांनी ती घातली. तेव्हा कुणी ती वापरली तर नाक मुरडू नकोस. शेजारची पोरं आली की आधी ही युक्ती शिकव आणि पहिला रिमोट त्यांच्याच हातात दे.