रंगीत पट्ट्यांवरून भातशेतीची पारख

शेजाऱ्याच्या शेतात भात भरघोस, आपल्या शेतात दाणे पोचट, असे का? जोयड्यातील शेतकरी बंधुभगिनींनो, घाईने खत विकत आणण्यापूर्वी पुढील तक्ता करून पाहा.

वाड्यावरील 12 शेते घ्या. प्रत्येक शेतासाठी कागदाची एक पट्टी कापा. तिच्यावर चार चौकटी आखा: गुंठ्यामागे शेणखताच्या पाट्या, लावणीची तारीख, बेणणीच्या खेपा आणि करप्याचे डाग. कमी तेथे फिका, जास्त किंवा उशिरा तेथे गडद रंग भरा. प्रत्येक बाबीचे मोजमाप वेगळे, म्हणून फिके-गडदही तिच्यापुरतेच ठरवा. पट्टीच्या टोकाला गुंठ्यामागचा उतारा रंगवून तो भाग मागे दुमडा.

आता सर्वांत सारख्या रंगांच्या दोन पट्ट्या शेजारी ठेवा. मग त्यांच्याशी जुळणाऱ्या जोडत जा. आपोआप गट पडतील. गट पडल्यावरच दुमड उघडा. उतारा आधी दिसला, तर मन आपल्या समजुतीप्रमाणे गट पाडते.

एखाद्या गटात सगळीकडे उतारा कमी असेल, तर त्या शेतांत समान काय, ते शोधा. उतारा सर्व गटांत विखुरलेला असेल, तर बियाणे, पाणी किंवा माती तपासा.

पॅरिस शहराच्या 20 विभागांची माहिती तुसाँ लुआ यांनी 1873 साली अशाच रंगीत तक्त्यात मांडली होती. आज संगणक हेच काम क्षणात करतो.

मात्र दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. म्हणून पुढल्या हंगामात अर्ध्याच शेतात बदल करा, आणि दोन्ही भागांचे भात वेगवेगळे मोजा.