शब्दबोध : काळीज, हृदय आणि श्रद्धा



दुःखाची बातमी ऐकली की 'काळीज पिळवटले' असे आपण म्हणतो आणि हात छातीवर जातो. पण मटणाच्या दुकानात काळीज मागितले, तर दुकानदार यकृत तोलून देतो. शब्दाच्या दृष्टीने त्याचेच बरोबर आहे. 'काळीज' हा शब्द संस्कृत 'कालेय', म्हणजे यकृत, यावरून आला. हिंदीतला 'कलेजा' त्याचाच भाऊ. शोकाची जागा यकृतात मानण्याची रीत बायबलमध्येही दिसते. विलापगीत 2:11 मध्ये नगरीचा नाश पाहून रडणारा कवी आपले जे अंग जमिनीवर सांडले म्हणतो, ते हिब्रूत 'कावेद', म्हणजे यकृतच आहे.

'हृदय' या शब्दाचे घराणे मात्र निराळे. संस्कृत 'हृद्', ग्रीक 'कार्दिया', लॅटिन 'कोर' आणि इंग्रजी 'हार्ट' ही एकाच मुळाची रूपे आहेत. डॉक्टर काढतात त्या कार्डिओग्रामच्या नावात तोच ग्रीक शब्द आहे.

बायबलमधील हृदय, हिब्रूत 'लेव', केवळ भावनांचे घर नाही. माणूस तिथे विचार करतो, निर्णय घेतो. लोकांचा न्याय करता यावा म्हणून शलमोनाने देवाकडे जे मागितले (1 राजे 3:9), ते शब्दशः 'ऐकणारे हृदय' आहे. आपण तिथे 'बुद्धी' म्हटले असते.

आता आपला 'श्रद्धा' हा शब्द पाहा. त्यातील 'श्रद्' म्हणजे हृदय आणि 'धा' म्हणजे ठेवणे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. विश्वासांगीकाराचा लॅटिनमधील पहिला शब्द 'क्रेडो' याच मुळाचा आहे. म्हणजे श्रद्धा ही नुसती ओठांवरची कबुली नव्हे. श्रद्धा म्हणजे आपले हृदय कुणाच्या तरी हाती ठेवणे. मराठीतही विश्वास 'ठेवावा' लागतो.

हुपरीकरांना हे वेगळे समजवायला नको. आपल्या गावात चांदी कुणाच्याही हाती कुणी देत नाही. आधी माणूस पाहतात, मग वजन करतात. धनाची जागा आणि हृदयाची जागा वेगळी राहत नाही, असे प्रभू येशूने बजावले आहे (मत्तय 6:21). तिथेही मूळ शब्द 'कार्दिया' हाच आहे.

तेव्हा आज मिस्सामध्ये विश्वासांगीकार म्हणताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे : चांदी कुठे ठेवली ते मला ठाऊक आहे, हृदय कुठे ठेवले आहे?