विजेची मोटार आणि खानदेशचा रस्ता

धुळे ते जळगाव हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. विजेवर चालणारी लहान मोटार १ युनिटात साधारण ७ किलोमीटर जाते असे धरू. म्हणजे या प्रवासाला जवळजवळ १३ युनिटे लागतील. १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मग १३ युनिटे बॅटरीत भरण्यास किती वेळ लागेल?

घरातील १५ अँपिअरचा प्लग घ्या. २३० व्होल्ट × १५ अँपिअर = ३४५० वॉट, म्हणजे सुमारे ३.४५ किलोवॉट. १३ ला ३.४५ ने भागले की पावणेचार तास येतात. हेच काम ६० किलोवॉटचा जलद चार्जर १३ मिनिटांत करील. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि बॅटरी भरत आली की चार्जिंग मंद करावे लागते. त्यामुळे वेळ थोडा अधिकच लागतो.

असा फरक का? बॅटरीला दिष्ट विद्युतधारा लागते. घरात येते ती प्रत्यावर्ती. हा बदल घडविणारे लहान उपकरण मोटारीतच असते. जलद चार्जरमध्ये तेच काम करणारी मोठी यंत्रणा मोटारीच्या बाहेर असते.

पण वीज कोठून आणावयाची? केळीच्या बागेतील ५ अश्वशक्तीचा पंप ३.७३ किलोवॉटचा. म्हणजे ६० किलोवॉटचा एक चार्जर १६ पंपांएवढा, आणि असे पाच एकदम चालले तर ८० पंपांएवढा भार! महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे योजले आहे. तेव्हा अशा ठिकाणी शेतीच्या रोहित्रावर भार न टाकता स्वतंत्र रोहित्र बसविणे इष्ट.

वेळही महत्त्वाची. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. सौर वीज मिळते दिवसा, तर घरोघरचे दिवे लागतात सायंकाळी. म्हणून मोटारी शक्यतो दिवसा भराव्यात हे बरे. मात्र खानदेशचा उन्हाळा कडक. अति उष्णतेने लिथियम बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून मोटार सावलीत उभी करावी.

स्वाध्याय : तारेतील उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ अँपिअरऐवजी १५ अँपिअर धारा वाहिल्यास उष्णता किती पट होईल? यावरून मोटार बारीक वायरीने का भरू नये, ते सांगा.