चुनखडक आणि खनिज तेल

आमच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बहुतेकांनीं उरणचा तेल व वायूचा प्रकल्प पाहिला आहे, निदान त्याचें नांव तरी ऐकलें आहे. परंतु तेथें नळांतून येणारें तेल समुद्राखालीं कोठें सांठलेलें असतें, असें विचारलें असतां पुष्कळ जण "जमिनीखालीं तेलाचें तळें असतें" असें उत्तर देतात. ही समजूत चुकीची आहे. तें तेल दगडांत असतें. आणि तो दगड शिंपल्यांच्या चुन्याच्या जातीचा आहे, हें वाचकांस नवल वाटेल.

अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यावर उभा आहे तो काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला असून सुमारें साडेसहा कोटी वर्षांचा जुना आहे. पश्चिमेस समुद्राच्या तळाखालीं तो पुष्कळ ठिकाणीं खोल गेलेला आहे. त्यावर पुढें उथळ व स्वच्छ समुद्र पसरला. त्यांतील सूक्ष्म प्राणी, शेवाळ व शिंपले यांचे चुनामय अवशेष थरांवर थर सांचून चुनखडक तयार झाला. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटर दूर असलेल्या 'मुंबई हाय' या क्षेत्रांत मुख्य तेल सांपडतें तें अशाच, सुमारें दोन कोटी वर्षांपूर्वींच्या चुनखडकांत. तेथें १९७४ च्या फेब्रुवारींत 'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजानें पहिलें तेल लाविलें आणि मे १९७६ मध्यें उत्पादनास आरंभ झाला.

हें तेल मात्र चुनखडकांत जन्मलें नाहीं. शेजारच्या खोलगट भागांतील जुन्या चिखलाच्या थरांत सेंद्रिय द्रव्य पुरलें गेलें, तें उष्णतेनें व काळानें पालटून तेल झालें, आणि हलकें असल्यामुळें वर सरकत चुनखडकाच्या छिद्रांत शिरलें. वर घट्ट शेल खडकाचें झांकण असल्यानें तें तेथेंच अडकलें. जन्मस्थान, कोठार व झांकण, या तिहींपैकीं एक जरी नसेल तरी तेलाचा सांठा होत नाहीं.

कोठाराची गोष्ट विशेष मनोरंजक आहे. मातीच्या माठांतून पाणी पाझरतें, कारण त्याचीं छिद्रें एकमेकांस जोडलेलीं असतात. उलट, ज्या चाळीच्या खोल्यांस दारेंच नाहींत तिच्यांत जागा पुष्कळ असली तरी कोणास आंत-बाहेर करतां येत नाहीं. चुनखडकाचें तसेंच आहे. पाण्यानें चुना विरघळून कोठें पोकळ्या पडतात, तर कोठें तोच चुना पुन्हां बसून वाटा बुजतात. म्हणून एकाच थरांत एका ठिकाणीं तेल सहज वाहतें आणि थोड्याच अंतरावर अडून बसतें. जगांतील बहुतेक क्षेत्रांत तेलाचा मोठा भाग खडकांतच राहून जातो. तो किती काढतां येईल, हें यंत्राइतकेंच खडकाच्या ज्ञानावर अवलंबून असतें.

हें ज्ञान विद्यापीठांत कसें देतात? विद्यार्थी दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काचेवर बसवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतो. कण किती, त्यांमधील चिखल किती, आणि कण एकमेकांस टेकलेले आहेत कीं चिखलांत तरंगत आहेत, हें तो ठरवितो. रॉबर्ट डनहॅम या शास्त्रज्ञानें १९६२ सालीं याच प्रश्नांवर उभारलेली वर्गवारी आजही शिकवितात. शिवाय डोंगर-किनारे पायीं हिंडून खडक पाहणें हाही अभ्यासाचा आवश्यक भाग होय. मुंबईचें सेंट झेवियर्स कॉलेज, पुण्याचें फर्ग्युसन कॉलेज व पवईची आय. आय. टी. येथें भूशास्त्र शिकवितात.

विद्यार्थिमित्रांनो, आरंभ घरींच करा. किनाऱ्यावरील शिंपल्याची पूड करून तीवर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. काळ्या पाषाणाच्या पुडीवर तसेंच करून पाहा. ते येणार नाहींत. चुनखडक ओळखण्याचा हा पहिला पाठ होय.

पालकांसही आमची एक विनंति आहे. आपल्या समुद्रांतील तेल आपल्याच किनाऱ्यावर उतरतें. परंतु त्याचें शास्त्र आपल्या मुलामुलींनीं शिकलें नाहीं, तर आपण केवळ नळ पाहणारे राहूं. तेलाचा सांठा एक दिवस संपेल. खडक वाचण्याची विद्या मात्र विहिरीचें पाणी शोधण्यासही उपयोगी पडते, आणि ती संपत नाहीं.