वाईन किराणा दुकानात का मिळत नाही? आणि स्वस्त म्हणजे वाईट का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे दोन महिने राहून आलो. तिथे 'आल्डी' नावाच्या स्वस्त दुकानात पीठ, दूध, बटाटे यांच्या शेजारीच वाईनच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. काहींची किंमत तीन युरोसुद्धा नव्हती, आणि जावईबापू म्हणाले की चांगल्या असतात. डिसेंबरात ते दोघे इकडे येणार आहेत. आपल्याकडच्या मोठ्या किराणा दुकानांत वाईन का ठेवत नाहीत? कमी पैशांत बरी वाईन आपल्या भागात मिळते का, की स्वस्त म्हणजे वाईटच समजायची?
— एक निवृत्त शिक्षक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : गुरुजी, आपण एका पत्रात तीन प्रश्न विचारले आहेत : तिकडे वाईन इतकी स्वस्त कशी, इकडे ती किराण्याच्या फळीवर का नाही, आणि इकडे स्वस्तात चांगली कशी निवडायची. याच क्रमाने जाऊ, कारण पहिल्याचे उत्तर कळले की पुढच्या दोन्हींची गाठ निम्मी सुटते.

जर्मनीत साध्या, म्हणजे न फसफसणाऱ्या, वाईनवर उत्पादन शुल्कच नाही. इतर मालासारखा विक्रीवरचा कर तेवढा लागतो. फसफसणाऱ्या वाईनवर मात्र शुल्क आहे. ते १९०२ साली कैसरच्या आरमाराच्या खर्चासाठी बसवले गेले. आरमार कधीच गेले, शुल्क अजून आहे. म्हणजे आपण पाहिलेल्या बाटलीच्या किमतीत सरकारचा वाटा लहान होता. उरलेली करामत दुकानाची. आल्डी हे नाव 'अल्ब्रेख्त डिस्काउंट' याचे लघुरूप. एसेन शहरात आईने चालवलेल्या किराणा दुकानातून अल्ब्रेख्त बंधूंनी हा पसारा उभा केला. त्यांची रीत साधी आहे : मोजकेच जिन्नस ठेवायचे, ते खोक्यासकट फळीवर मांडायचे, बहुतेकांवर स्वतःचेच लेबल लावायचे आणि खरेदी प्रचंड प्रमाणात करायची. वसमतच्या मोंढ्यात ट्रकभर हळद उचलणाऱ्याला जो भाव मिळतो, तो पावशेर नेणाऱ्याला मिळत नाही. हेच तत्त्व तिथे वाईनला लावले आहे.

अमेरिकेत याचे गाजलेले उदाहरण आहे. आल्डीच्याच एका शाखेच्या मालकीच्या 'ट्रेडर जोज' या दुकानसाखळीने २००२ साली 'चार्ल्स शॉ' ही वाईन कॅलिफोर्नियात १ डॉलर ९९ सेंटला विकायला काढली. त्या वेळी तिथे द्राक्षांचे आणि वाईनचे अमाप पीक पडून होते. २००७ मध्ये याच नावाच्या पांढऱ्या शार्दने वाईनने कॅलिफोर्नियाच्या राज्य मेळ्यात आपल्या गटातला पहिला मान मिळवला. परीक्षकांना चाखताना बाटली दिसत नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. राज्यघटनेत मद्य हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. पिण्याचे मद्य जीएसटीच्याही बाहेर आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे, परवाने वेगळे, किमतीही वेगळ्या. गोव्यात सुपरमार्केटमध्ये वाईन उघड मांडलेली दिसते, आणि सीमा ओलांडली की दिसत नाही, ती यामुळेच. महाराष्ट्रात जो कायदा लागू आहे त्याच्या नावातच 'दारूबंदी' आहे, आणि तो १९४९चा आहे. या कायद्याची मांडणी अशी, की मुळात सगळ्याला मनाई, आणि परवाना असेल तेवढ्यापुरती सूट. किराणा दुकानाला तसा परवाना नाही, म्हणून वाईन नाही. दुकानदाराची अनिच्छा हे कारण नव्हे.

हे बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि किमान १,००० चौरस फुटांच्या दुकानांत वाईन विकायला मान्यता दिली. वाईन स्वतंत्र, कुलूपबंद कपाटात ठेवायची. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ परवानगी नाही. वर्धा, गडचिरोली अशा दारूबंदीच्या जिल्ह्यांत तर नाहीच, अशा अटी होत्या. द्राक्ष बागायतदाराला बाजार मिळेल, असे सरकारचे म्हणणे होते. विरोधकांनी जोरदार टीका केली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या, त्याच वर्षी सरकारही बदलले, आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही.

त्या वादात 'वाईन म्हणजे दारू नव्हेच' असे वाक्य फार ऐकू आले. त्याचा हिशेब करून पाहू. साधारण वाईनमध्ये १३ टक्के मद्यार्क धरला, तर १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात साडेएकोणीस मिलिलिटर मद्यार्क येतो. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलिलिटरच्या पेगात तो तेरा मिलिलिटरही भरत नाही. म्हणजे वाईनचा भरलेला ग्लास छोट्या पेगापेक्षा जड आहे. दुसरा गैरसमज, वाईन हृदयाला औषध असते हा. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आवडते म्हणून कुणी थोडी घेतो, हे समजू शकते. तब्येतीसाठी म्हणून घेऊ नये.

तिसरा घोळ पाटीचा आहे. आपल्याकडे 'वाईन शॉप' अशी पाटी असते आणि आत व्हिस्की, रम, ब्रँडीची रास असते. वाईनच्या चार बाटल्या कोपऱ्यात धूळ खात असतात. पण आपल्याला जायचे आहे ते तिथेच, किंवा ज्या बिअर शॉपीत वाईनही ठेवतात तिथे. हिंगोली जिल्ह्यात दुसरी कायदेशीर वाट नाही.

मग स्वस्तात चांगली मिळते का? मिळते, आणि तिचे कारण २००१ सालचे आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला वाईन पार्क उभे केले. पुढे वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उद्योगाला परत देण्याचीही योजना आली. उलट आयात वाईनवर देशाचे सीमाशुल्क कित्येक वर्षे १५० टक्के होते. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी व्यापार करार लागू झाला, पण त्यातली सवलत आयातीच्या वेळी ५ डॉलरपेक्षा महाग असलेल्या बाटलीलाच. त्याखालच्या स्वस्त बाटलीला काहीच नाही. म्हणजे जी बाटली तिकडे गरिबाची, ती इकडे येईपर्यंत श्रीमंताची होते. जावयांसाठी परदेशी लेबल शोधत बसू नका. नाशिक, अकलूज, बारामती या पट्ट्यात वाईनचे कारखाने आहेत, आणि तिथल्या वाईन हजार रुपयांच्या आत मिळतात. त्यांतली चांगली बाटली त्याच किमतीच्या आयात बाटलीपेक्षा बहुधा सरस निघते.

निवडताना आपल्या भागात सर्वांत मोठा शत्रू आहे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या दुकानात दोन उन्हाळे काढलेली वाईन भाजल्यासारखी, शिळ्या मुरांब्यासारखी लागते, मग ती कितीही नावाजलेली असो. म्हणून आधी दुकान निवडा, मग बाटली. जिथे वाईन फ्रीजमध्ये किंवा वातानुकूलित खोलीत ठेवतात आणि जिथे तिचा खप आहे, तिथेच घ्या. काचेच्या कपाटात उन्हात उभी केलेली बाटली सवलतीत मिळाली तरी नको. हळदीची खरेदी आपण वर्षानुवर्षे करत आला आहात; वरचा रंग पाहून फसायचे नाही, साठवण विचारायची, हे आपल्याला सांगायला नको.

दुसरी खूण ताजेपणाची. 'वाईन जितकी जुनी तितकी चांगली' हे मोजक्या महागड्या वाईनबद्दल खरे आहे. स्वस्त वाईन लवकर प्यायलाच केलेली असते. नाशिकला वाईनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडतात. लेबलवर सालाचा आकडा असेल तर पांढरी वाईन चालू किंवा मागच्या वर्षाची घ्या. लाल आणखी एखादे वर्ष जुनी चालेल. साल नसेल तर बाटली भरल्याची तारीख पाहा. द्राक्षाची जात लिहिलेली असावी : शेनँ ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोविन्यों. आपण खातो ती थॉमसन वेगळी. फिरकीचे झाकण पाहून नाक मुरडू नका. ऑस्ट्रेलियातल्या नामांकित वाईनसुद्धा त्यात येतात, आणि बुचाचा वास वाईनला लागण्याची भीती त्यात नसते. स्वस्तात स्वस्त 'पोर्ट' मात्र टाळा. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातली असते. आपल्याकडे त्या नावाने बहुतेक साखरेची गोड लाल वाईन मिळते, आणि जर्मनीहून येणाऱ्या माणसाला ती आवडणे कठीण.

किमतीची फार चिंता करू नका. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक वेळा लोकांना किंमत न सांगता वाईन चाखायला दिली होती. सामान्य माणसांना महाग वाईन जास्त आवडल्याचे दिसले नाही, उलट किंचित कमीच आवडली.

एक विनंती ताटाविषयी. घरी काळ्या मसाल्याचे मटण असेल तर तुरट लाल वाईनने तिखट अधिक झोंबते. त्याबरोबर किंचित गोडसर शेनँ ब्लाँ थंड करून द्या. उघडलेली बाटली पुन्हा बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. नाशिकहून मागवलीत तर हरकत नाही, पण गोव्यातून किंवा तेलंगणातून येणाऱ्या पाहुण्याला बाटल्या आणायला सांगू नका. परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून मद्य आणणे गुन्हा आहे. आणि महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच पाच रुपयांत मिळतो. बाटली घेताना तो आठवणीने मागून घ्या.